पांगाऱ्याची खुंटी

फार वर्षांपूर्वी, आमच्या नदीवर पूल नव्हता आणि पुराच्या दिवसांत माणसं गुळाच्या काहिलीत बसून पलीकडं जात, त्या काळात आमच्या गावात हैबती लोहार होऊन गेला. गावाला तेव्हा दुसरं नाव होतं. ते एखाद्या जुन्या कागदावर असेल, तोंडात कुणाच्या राहिलेलं नाही. आता सगळे पांगारवाडीच म्हणतात. का म्हणतात, तेच सांगतो.

हैबती जन्मला त्या दिवशी त्याच्या बापाची ऐरण कुणी हात न लावता तीनदा वाजली, असं म्हणतात. ऐरण वाजली की नाही हे त्या ऐरणीला ठाऊक. पण पोरगं वेगळं होतं, हे खरं. बोलायचं कमी. लोखंडाचा तुकडा हातात घेऊन, ‘ह्ये दमलंय, ह्येचा फाळ करू नगा,’ असं बापाला सांगायचं. बाप हट्टानं त्याचाच फाळ करायचा आणि तो फाळ पहिल्या नांगरटीला मोडायचा. असं चार वेळा झाल्यावर बापानं हट्ट सोडला.

ऊस आमच्याकडं तेव्हाही होता. तो पिळायला लाकडी चरक असायचा. बाभळीचे दोन जाड रूळ शेजारी शेजारी उभे, मधल्या फटीत ऊस लावायचा, वर आडवा दांडा आणि दांड्याला बैल. बैल फिरले की रूळ फिरायचे, ऊस चेपायचा, रस खालच्या भांड्यात पडायचा. एके दिवशी हैबती गुऱ्हाळावर उभा होता. चुलीत घालायला काढलेलं एक चिपाड त्यानं उचललं आणि मुठीत आवळलं. त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत रसाचा ओघळ आला.

“निम्मा रस तर आपन जाळतोय,” तो म्हणाला. लोक हसले. बापजाद्यांपासून असंच चाललंय, एवढंच त्याला उत्तर मिळालं. पण हैबतीच्या हातावरचा ओघळ काही वाळला नाही. तीन दिवस त्यानं हात धुतला नाही, असं म्हणतात.

त्याच सुमाराला लांब घाटात आगगाडीचा रस्ता होत होता. तिथं लोखंड वितळवून पाण्यासारखं ओततात, अशी बातमी आली. हैबती पायी निघून गेला आणि अडीच वर्षं आला नाही. मागं त्याची बायको सारजा होती. तिनं भाताही चालवला आणि घणही. गावचा एक फाळ अडला नाही. लोक पुढं हैबतीचंच नाव घेऊ लागले, पण मी सांगतो, ती अडीच वर्षं सारजानं तोलून धरली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

हैबती आला तो लोखंड ओतायची विद्या घेऊन. आता ओतायला लोखंड पाहिजे. वरच्या पडक्या गडावर एक फुटकी तोफ गवतात पडली होती. बारा बैल लावून ती खाली आणली. त्या बैलांना उतारावर कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटत होतं, ते सारखे मान वळवून बघत होते, असं म्हणतात. नदीकाठी हैबतीनं भट्टी बांधली आणि तोफेचे तुकडे आत घातले.

लोखंड वितळलं, पण ते ओतायचा साचा टिकेना. साचा नदीच्या वाळूचा. लाल रस आत पडला की वाळू ढासळायची आणि रूळ वेडावाकडा निघायचा. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही झालं. हैबती डोक्याला हात लावून बसला. सारजा भाकरी घेऊन आली होती. तिनं पायानं वाळूचं ढेकूळ दाबून बघितलं.

“अवं, लाडू फुटाय लागलं तर आपन काय करतो?” तिनं विचारलं. “पाक वाढवतो. वाळूत काकवी घाला की.”

चौथ्या खेपेला वाळूत काकवी कालवली. साचा दगडासारखा उभा राहिला. पहाटे साचा फोडला तेव्हा आत सरळ, गुळगुळीत, काळाभोर रूळ होता आणि अख्ख्या नदीकाठाला गोड करपट वास सुटला होता. त्या वासानं आजूबाजूच्या सात गावांतल्या मुंग्या आमच्या काठावर आल्या, असं म्हणतात. मुंग्या आल्या असतील. काकवी होती ना.

तो पहिला लोखंडी चरक. लाकडी चरकाला जेवढा रस काढायला दोन दिवस लागायचे, तेवढा यानं एका दिवसात काढला, आणि चिपाड हातात घ्याल तर कोरडं ठक्क. चाळीस गावांची माणसं बघायला आली. ज्या तोफेनं माणसं मारली तीच आता रस काढते, हे लोकांना फार आवडलं. जो तो तेच बोलून दाखवायचा आणि आपणच पहिल्यांदा बोललो असं समजायचा.

त्या चरकावर ऊस लावायला बसला बिरू. बिरू धनगर. त्याची मेंढरं रोगानं गेली, तेव्हा तो हैबतीच्या भट्टीवर वाळू वाहायला आला आणि कायमचा दोस्त झाला. ऊस लावणं म्हणजे रुळांच्या तोंडाशी बसायचं, ऊस हातानं फटीत सरकवायचा आणि रुळांनी तो ओढून घेतला की हात मागं घ्यायचा. दिवसभर तेच, हजार वेळा.

दुसऱ्या हंगामात, पौषातल्या एका सकाळी, थंडी म्हणून बिरूनं घोंगडं पांघरलं होतं. घोंगड्याची दशी उसाबरोबर फटीत गेली. दशीमागून घोंगडं गेलं, घोंगड्याबरोबर उजवा हात. बैल हाकणाऱ्यानं ओरडून बैल थांबवले. बैल चार पावलांत थांबले. पण त्या चार पावलांत कोपर गेलं.

बिरू जगला. वैदूनं झाडपाल्यावर त्याला वाचवला. गाव म्हणालं, तोफ ती तोफच, तिनं आपला घास घेतला, आता परत घेणार नाही. गावाला असं काहीतरी म्हणून मोकळं व्हायची सवय असते. हैबतीला ती सवय नव्हती. त्यानं भट्टी विझवली, दारात घण आडवा ठेवला आणि रोज बिरूच्या खाटेशी जाऊन बसू लागला. शेवटी बिरूच एकदा बोलला.

“हैबत्या, लाकडाचा चरक हुता तवा बी मानसं अडकायची. पर लाकूड कुटंतरी मोडायचं, सरकायचं. बोट गेलं तरी हात ऱ्हायाचा. तुजं लोखंड थांबतच न्हाई रं.”

हैबतीनं मान खाली घातली. पुढं वर्षभर भट्टी पेटली नाही. गिऱ्हाइकं यायची, दारातला आडवा घण बघायची आणि परत जायची. लोखंडाला थांबायला कसं शिकवायचं, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. त्या वर्षात त्याचे केस पांढरे झाले, असं म्हणतात. वय तेव्हा जेमतेम पस्तीस.

आणि उत्तर मिळालं ते बिरूच्याच अंगणात. बिरूनं एक करडू पाळलं होतं. एका हातानं तो त्याच्यासाठी दोरी वळत होता, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. हैबतीनं सहज दोरी ओढून बघितली, तर ती तटकन तुटली.

“कच्चीच वळलीस की.”

“करडाची दोरी कच्चीच वळत्यात,” बिरू म्हणाला. “झुडपात अडकून हिसका बसला तर दोरी तुटावी. मान न्हाई.”

हैबती उठला तो थेट भट्टीवर गेला. दारातला घण त्यानं उचलला, असं सारजानं पुढं सगळ्यांना सांगितलं. ती म्हणायची, त्या दिवशी त्यांच्या पावलांचा आवाज वेगळा होता.

त्यानं काय केलं ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. बैल ओढतात तो दांडा आणि खालचा लोखंडी रूळ, यांना त्यानं वेगळं केलं. दोघांमधून आरपार एक भोक पाडलं आणि त्या भोकात लाकडाची एक खुंटी घातली, अंगठ्याएवढी. दांड्याचा जोर त्या खुंटीतूनच रुळाला जाणार. खुंटी मोडली की बैल नुसता दांडा घेऊन फिरतील आणि रूळ जागच्या जागी उभा राहील. एवढंच. लोखंड कच्चं करता येत नव्हतं, म्हणून त्यानं लोखंडाच्या छातीत एक कच्चं लाकूड बसवलं.

पण किती कच्चं? उसानं मोडेल एवढं कच्चं चालणार नाही, आणि हातानं मोडणार नाही एवढं पक्कंही नाही. हैबतीनं दोरा घेऊन गावातल्या सगळ्या माणसांची मनगटं मोजली. बाप्यांची, बायकांची, पाटलाचीसुद्धा. सरासरी मनगट चार उसांएवढं भरलं. म्हणजे तीन ऊस एकदम गेले तर खुंटी टिकली पाहिजे आणि चौथा लावला तर मोडली पाहिजे. मग लाकडांची परीक्षा सुरू झाली. बाभळ मोडेना, कडुनिंब मोडेना, आंबा कधी मोडे कधी न मोडे, शेवगा दुसऱ्याच उसाला मोडला. शेवटी राहिला पांगारा. काटेरी, हलका, ना घराच्या कामाचा ना चुलीच्या. सुतार त्याच्याकडं बघतही नाहीत. पांगाऱ्याची खुंटी तीन उसांना तग धरून राहिली आणि चौथ्याला मोडली. शंभर वेळा लावली, शंभर वेळा तसंच झालं.

“आता हात,” हैबती म्हणाला.

गाव गोळा झालं. बैल हाकायला त्यानं बिरूलाच बोलावलं. हैबती रुळांच्या तोंडाशी बसला आणि त्यानं बाही वर केली. सारजा पुढं आली. तिनं त्याला अडवलं नाही. तिनं त्याचा उजवा हात धरून बाजूला केला.

“उजवा नगं,” ती म्हणाली. “डावा घाला.”

बिरूनं बैल हाकले. त्या वेळी नदीचं पाणी वाहायचं थांबलं होतं, असं म्हणतात, आणि मला ते खोटं वाटत नाही, कारण तिथल्या प्रत्येकाला तेव्हा दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. बोटं आत गेली. तळहात गेला. मनगटाशी येताच खुंटी कडाडली. बैल पुढं चालत राहिले, दांडा फिरत राहिला आणि लोखंडी रूळ उभा राहिला. हैबतीनं रूळ उलटा फिरवायला लावून हात बाहेर काढला. दोन बोटं कायमची गेली होती. हात होता.

“मोडली,” हैबती म्हणाला, आणि मग त्याची शुद्ध हरपली.

त्यानंतर जे झालं ते सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. नदीकाठी कारखाना उभा राहिला. साठ घरं त्यावर जेवू लागली. प्रत्येक चरकाच्या माथ्यावर तीन उभ्या रेघा ओतलेल्या असत, म्हणजे तीनच ऊस लावा. आणि प्रत्येक चरकाच्या गाडीत पांगाऱ्याचं एक ओलं फाटं असे, गुऱ्हाळाच्या दारात लावायला. पांगारा फांदीवर जगतो, त्याला लाडकोड लागत नाहीत. गिऱ्हाईक चरक न्यायला आलं की हैबती स्वतः सांगायचा, घाई केलीत तर खुंटी मोडंल, मोडली तर नवी घाला, पर पांगाऱ्याचीच घाला.

लोक ऐकायचे का? काही ऐकायचे. काही माना डोलवायचे आणि घरी जाऊन चार ऊस लावायचे. मग खुंटी मोडायची, काम थांबायचं, काहिलीतला रस करपायचा आणि हैबतीला शिव्या पडायच्या. एवढं पोलादासारखं यंत्र आणि त्यात हे पोरखेळाचं लाकूड कशाला, असं शहाणी माणसंसुद्धा म्हणायची. आपल्या माणसाला कुठलीही गोष्ट मजबूत करून देण्याची फार हौस असते. मोडणारी वस्तू म्हणजे फसवणूक, असा आपला हिशेब. हैबती ऐकून घ्यायचा आणि हसायचा.

आता त्याची चूक सांगतो. आमच्या गावात ही गोष्ट सांगताना चूक गाळायची नाही, असा दंडक आहे.

मोठा दुष्काळ पडला. दोन वर्षं पाऊस नाही. नदीत डबकी राहिली. चरक कोण घेणार? कारखान्याच्या साठ घरांत आधी ज्वारी संपली, मग कोंडा संपला, मग माणसं बरबड्याचं रानबी आणि कडू कंद खाऊ लागली. तेव्हा नदीपलीकडच्या इनामदारांचा माणूस आला. इनामदारांच्या चाळीस गावांना मोठ्या तळ्याचं पाणी होतं, तिथं ऊस उभा होता. त्यांना चाळीस चरक हवे होते. बदल्यात चाळीस गाड्या जोंधळा. अट एकच होती. खुंटी लोखंडाची हवी. सहा ऊस एकदम गेले पाहिजेत.

हैबती नाही म्हणाला. माणूस म्हणाला, आठ दिवसांनी परत येतो. त्या आठ दिवसांत कारखान्याच्या वस्तीवर तीन म्हातारी माणसं आणि एक तान्हं मूल गेलं. हैबती बिरूकडं गेला. या मुलखात ज्याचा हात गेला तो बिरू, म्हणून त्यानंच सांगावं, असं त्याच्या मनात आलं.

बिरूच्या गालांची हाडं वर आली होती.

“कर,” तो म्हणाला. “माजा हात गेला, पर मी जगलो. उपाशी मानूस दोन हात घिऊन काय करनार?”

हैबतीनं चाळीस चरक केले. चाळीस लोखंडी खुंट्या त्यानं स्वतः घडवल्या. माथ्यावरच्या तीन रेघा मात्र त्यानं ओतल्या नाहीत. ते चरक गाड्यांवर चढले तेव्हा एकेका गाडीचा आस मोडला, एकूण चाळीस आस मोडले, असं म्हणतात. आस दुरुस्त केले, गाड्या गेल्या, जोंधळा आला, साठ घरं वाचली. हे खरं आहे. जोंधळा आला हे विसरायचं नाही.

त्या हंगामाच्या मध्यावर एक माणूस नदी ओलांडून कारखान्यावर आला. अंगरख्याची उजवी बाही दुमडून खांद्याशी टाचलेली. हैबतीला वाटलं, भरपाई मागायला आलाय. त्यानं त्याला बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं. माणूस पाणी प्याला.

“काय पायजे तुमास्नी?” हैबतीनं विचारलं.

“काय न्हाई,” माणूस म्हणाला. “ज्यानं ह्यो चरक केला त्यो कसा हाय, त्येवडं बघाय आलो.”

त्यानं हैबतीकडं निरखून बघितलं. डाव्या हाताची गेलेली दोन बोटंही बघितली. हैबतीनं विचारलं, असे किती? माणूस म्हणाला, सात मला ठाऊक आहेत. त्यानं साती नावं सांगितली. शेवटचं त्याचं स्वतःचं होतं, मलू. मग तो उठला आणि आला तसा नदीकडं चालत गेला.

बिरूनं हे ऐकलं आणि तो जमिनीवर डोकं आपटू लागला. मी सांगितलं, मी सांगितलं, असं म्हणू लागला. हैबतीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

“तू भुकेला हुतास, बिरू,” तो म्हणाला. “घन माज्या हातात हुता.”

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. हैबतीच्या खांद्यावर घण, बिरूच्या पाठीवर पांगाऱ्याच्या खुंट्यांचं पोतं. चाळीस गावं, चाळीस गुऱ्हाळं. प्रत्येक ठिकाणी हैबती मालकाला हात जोडायचा, म्हणायचा, माझं चुकलं, काम निम्मं राहिलंय, ते पुरं करायला आलोय. आणि लोखंडी खुंटी ठोकून काढायचा, लाकडी घालायचा. कुणी राजीखुशीनं करू दिलं, कुणी कुत्री सोडली, कुणी मारलं. एका गावी त्याला दोरीनं बांधून उन्हात टाकलं, तर सावली त्याच्याबरोबर सरकत राहिली, असं म्हणतात. ते दोघं परत आले आणि खुंटी बदलूनच गेले. एकोणचाळीस गुऱ्हाळं अशी झाली.

चाळीसावं इनामदारांचं स्वतःचं होतं. तिथं फाटकावरच माणसं उभी होती. इनामदार म्हणाले, चरकाला हात लावलास तर हात तोडीन. हैबती म्हणाला, सरकार, त्यासाठी माणसं कशाला, चरक आहे की. आणि कुणाला काही कळायच्या आत तो जाऊन रुळांच्या तोंडाशी बसला आणि आपला उजवा हात, चांगला हात, कोपरापर्यंत उघडा करून फटीशी धरला.

“हाका बैल,” तो म्हणाला.

इनामदारांनीही म्हटलं, हाका. बैलवाल्यानं आसूड उगारला आणि बैल गुडघे टेकून खाली बसले, असं म्हणतात. मला विचाराल तर बैल बसले नाहीत, बैलवाला बसला. पण कुणीतरी बसलं, आणि चरक फिरला नाही. तीन दिवस हैबती तसाच होता. अन्न नाही. बिरू ओंजळीनं पाणी पाजायचा, एका हाताच्या ओंजळीत मावेल तेवढं. तोडलेला ऊस वाळत चालला. काहिलीतला रस आंबला, त्यावर माश्या बसल्या.

तिसऱ्या दिवशी तिथला ऊस लावणारा उठून इनामदारांसमोर आला. तो मलूचा धाकटा भाऊ. ज्या जागेवर मलूचा हात गेला, त्याच जागेवर दुसऱ्या दिवशी त्याला बसवला होता. आयुष्यात तो कधी मालकासमोर बोलला नव्हता.

“सरकार,” तो म्हणाला, “ही खुंटी कशाची हाय?”

इनामदारांनी फाटकावरच्या माणसांकडं बघितलं.

“कुनी घातली?” त्यानं विचारलं. “ज्यानं घातली त्यानं हितं बसावं. मी बसनार न्हाई.”

त्याच्या मागं गूळ शिजवणारा गुळव्या येऊन उभा राहिला. मग चुलीत चिपाड घालणारा, मग मोळ्या वाहणाऱ्या बाया. कुणी आरडाओरडा केला नाही. नुसते उभे राहिले. इनामदारांनी त्या सगळ्यांकडं बघितलं, रुळांच्या तोंडाशी धरलेल्या त्या हाताकडं बघितलं. मग ते चौथऱ्यावरून खाली उतरले, त्यांनी घण मागितला, आपल्या हातानं लोखंडी खुंटी काढली आणि आपल्याच हातानं पांगाऱ्याची घातली. त्यांना घण नीट धरता येत नव्हता. बिरूनं दांडा धरून दिला.

हैबती घरी आला तो बिरूच्या खांद्यावर. उजवा हात निळा पडला होता, तो परत कधी वर झाला नाही. माघ सरता सरता त्याला ताप भरला. सारजानं विचारलं, काही मनात आहे का? तो म्हणाला, माझं देऊळ बांधू नका, पुतळा नको, माझं नाव कशालाही देऊ नका. सात नावं मात्र विसरू नका. मग त्यानं ती नावं एकेक करून म्हटली. सातवं म्हटलं आणि तो गेला.

त्याला नदीकाठी अग्नी दिला, त्या दिवशी चाळीस गावांतले सगळे पांगारे एकदम फुलले, असं म्हणतात. फाल्गुनात पांगारा फुलतोच, हे मलाही कळतं. पण आदल्या दिवशी एकही फूल नव्हतं असं सांगणारी म्हातारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत आणि ती खोटं बोलणारी नव्हती.

कारखाना पुढं सारजानं बारा वर्षं चालवला. नंतर मोठ्या शहरांतून तयार यंत्रं येऊ लागली आणि तो बंद पडला. आता तिथं नुसती काळी वाळू आहे. आम्ही देऊळ बांधलं नाही, पुतळा केला नाही. गावाला नाव दिलं तेही झाडाचं. पण एक करतो.

हंगामाच्या पहिल्या दिवशी, पहिला ऊस लावायच्या आधी, मालक स्वतःच्या हातानं पांगाऱ्याची खुंटी घालतो. मग तीन नाही, मुद्दाम चार ऊस लावतात. खुंटी कडाडून मोडते. सगळे गप्प उभे राहतात. मालक सात नावं घेतो. गुंडा, सटवा, येमू, रखमा, बाळनाथ, आप्पाजी, मलू. मग तो दुसरी खुंटी घालतो. आता बैल गेले, विजेच्या मोटारी आल्या, तरी खुंटीची जागा प्रत्येक चरकात ठेवलेली आहे. आणि ऊस लावणारा जागेवर बसण्यापूर्वी मालकाला, मग तो कितीही मोठा असो, उभ्यानं विचारतो, खुंटी कशाची? मालक म्हणतो, पांगाऱ्याची. कुणी घातली? मी घातली. उत्तर आल्याशिवाय ऊस लावणारा बसत नाही, आणि त्याला बस म्हणायची कुणाची छाती नाही.

मी एकोणीस हंगाम ऊस लावला. एकोणीस वेळा विचारलं. पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा समोर गावचे पाटील होते. त्यांनी मान खाली घालून उत्तर दिलं. हे माझे हात. मोजा, दहाही बोटं आहेत.